घटना, कोर्ट आणि आपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळच्या एका वाचनालयात महिन्यातल्या एका रविवारी आम्ही भारताची राज्यघटना वाचतो. वीसेक माणसं जमतात, चहा होतो आणि वाचन दोन पानांवर अडतं, कारण कुणाला तरी मध्येच काहीतरी विचारायचं असतं. राहिलेले प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, तेही रात्री अकरानंतर. बरेचसे प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी वकील आहे, पण हा कायदेशीर सल्ला नव्हे. तुमच्या प्रकरणासाठी कागदपत्रं घेऊन वकिलाला भेटा.

१. कोर्ट घटनेचं रक्षण करतं म्हणजे नेमकं करतं काय?

संसदेचा किंवा विधानसभेचा कायदा, मंत्रालयाचा आदेश, महापालिकेची नोटीस घटनेत बसते का, हे तपासतं. बसत नसेल तर ती चालणार नाही असं सांगतं. अनुच्छेद १३ मध्ये हे जवळजवळ सरळ लिहिलेलं आहे: मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा त्या विसंगतीपुरता रद्दबातल.

यातला ‘पुरता’ नीट वाचा. महाराष्ट्राच्या गोवंश हत्याबंदी कायद्यावर मुंबई उच्च न्यायालयानं मे २०१६ मध्ये निकाल दिला, तेव्हा हत्येवरची बंदी कायम राहिली. पण परराज्यात कायदेशीरपणे कापलेलं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम गेलं. कायदा राहिला, कलम गेलं. दुसऱ्या दिवशी लोक मात्र ‘बंदी उठली’ किंवा ‘बंदी कायम’ एवढंच बोलत होते.

आणखी एक. धोरण शहाणपणाचं आहे का, हे कोर्ट सहसा बघत नाही. मूर्खपणाचा कायदा घटनाबाह्य असेलच असं नाही.

२. अंधेरीच्या किंवा दिंडोशीच्या कोर्टात कायद्याला आव्हान देता येतं का?

नाही. कायदा घटनाबाह्य ठरवायचा अधिकार उच्च न्यायालयाचा आणि सर्वोच्च न्यायालयाचा. खालच्या दिवाणी कोर्टापुढे असा दावा आला की कायद्याच्या वैधतेचा निकाल लागल्याशिवाय तो सुटतच नाही, आणि कायदा अवैध आहे असं त्या कोर्टाचं मत झालं, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११३ प्रमाणे तो प्रश्न उच्च न्यायालयाकडे पाठवावा लागतो.

म्हणून खालची कोर्टं घटनेच्या कामाची नाहीत असं समजू नका. अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, हे अनुच्छेद २२ सांगतो. रिमांडच्या वेळी ‘अटक किती वाजता केली?’ असं विचारणारा मॅजिस्ट्रेट घटनाच राबवत असतो.

३. मग सरळ सुप्रीम कोर्टात जावं की हायकोर्टात?

बहुतेक वेळा हायकोर्टात. मूलभूत हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क अनुच्छेद ३२ देतो. डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत त्याला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटलं होतं. पण तिथे पहिला प्रश्न हमखास येतो: आधी हायकोर्टात का गेला नाहीत?

शिवाय अनुच्छेद २२६ खालचे हायकोर्टाचे अधिकार जास्त रुंद आहेत. मूलभूत हक्क तर आहेतच, पण साध्या कायदेशीर हक्कासाठीही रिट याचिका, म्हणजे सरकारी यंत्रणेला आदेश द्या असा अर्ज, करता येते. मुंबई उच्च न्यायालय १८६२ पासून आहे. मुख्य पीठ फोर्टात, खंडपीठं नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात पर्वरीला. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातही सर्किट बेंच सुरू झालं, त्यामुळे सिंधुदुर्ग-सांगलीच्या माणसाची रात्रीची गाडी वाचली. नाव मात्र इंग्रजीत अजून ‘बॉम्बे हायकोर्ट’च आहे.

४. संसदेला दोन तृतीयांश मतं असतील तर ती घटनेचं काहीही करू शकते ना?

१९७३ च्या आधी हे उत्तर लटकत होतं. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, घटनादुरुस्ती कशाचीही करता येते. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच मतांनी म्हणालं, मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही. मग संसदेनं १९७१ मध्ये २४ वी घटनादुरुस्ती करून तो अधिकार परत घेतला.

त्यानंतर आला केरळमधले मठाधिपती केशवानंद भारती यांचा खटला. तेरा न्यायमूर्ती, ६८ दिवस सुनावणी, २४ एप्रिल १९७३ ला निकाल, सात विरुद्ध सहा. ठरलं ते असं: संसद घटनेतलं कुठलंही कलम बदलू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. भाडेकरूनं घरात काय ते फेरबदल करावेत, खांब पाडू नयेत, असा माझा वाचनालयातला नेहमीचा दाखला. इमारती पुनर्विकासाला गेलेल्या या भागात तो पटकन कळतो.

मुंबईकरांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे दोन्ही बाजूंचे मोठे वकील आपल्याच शहरातले होते. याचिकाकर्त्यांकडून नानी पालखीवाला, केरळ सरकारकडून एच. एम. सिरवई. सिरवईंनी या सिद्धान्ताला कडाडून विरोध केला आणि पुढे, आणीबाणी पाहिल्यानंतर, स्वतःचं मत बदललं. मला त्या खटल्यात पालखीवालांच्या विजयापेक्षा हे जास्त भावतं.

चौकटीत काय काय येतं याची पक्की यादी कुठेच नाही. घटनेचं सर्वोच्च स्थान, लोकशाही, धर्मनिरपेक्षता, सत्तेची विभागणी, न्यायालयीन पुनर्विलोकन (म्हणजे प्रश्न १ मधली तपासणी) ही नावं निकालांमध्ये आलेली आहेत. यादी नाही म्हणजे न्यायाधीश म्हणतील ती पूर्व दिशा, अशी टीका होते. तिच्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं ‘घटनादुरुस्तीवर कुठल्याच कोर्टात प्रश्न विचारता येणार नाही’ असं लिहून ठेवलं होतं, आणि ते १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात रद्द झालं ते याच सिद्धान्तामुळे. ते कलम आज टिकलं असतं तर पुढचे निम्मे प्रश्न कुणी पाठवलेच नसते.

५. कायदा नवव्या परिशिष्टात टाकला की कोर्ट हात लावू शकत नाही, हे खरं का?

अर्धं खरं. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं नववं परिशिष्ट आणलं, जमीन सुधारणांचे कायदे कोर्टात अडकू नयेत म्हणून. पुढे त्यात वाटेल ते शिरायला लागलं. महाराष्ट्राच्या शेतजमीन कमाल धारणा कायद्यावरून झालेल्या वामनराव खटल्यात १९८० मध्ये, आणि मग २००७ मध्ये कोएल्हो खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी रेघ ओढली: २४ एप्रिल १९७३ नंतर परिशिष्टात घातलेला कायदा चौकटीला धक्का देतो का, हे तपासता येतं. तारीख ओळखीची वाटत असेल तर प्रश्न ४ पुन्हा पाहा.

६. अनुच्छेद २१ मध्ये फक्त ‘जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य’ एवढंच लिहिलंय. त्यातून घर, रोजगार, रस्ते कुठून निघाले?

निघाले, आणि त्यातला एक मोठा धागा आपल्याच फुटपाथवर आहे.

जुलै १९८१. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईतल्या फुटपाथवरच्या लोकांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवणार. ऐन पावसाळ्यात. कोर्टात गेलेल्यांपैकी एकाची कहाणी निकालपत्रातच आहे. तमिळनाडूतल्या सेलमहून आलेला भूमिहीन मजूर. दहिसरच्या एका रसायन कंपनीत रोज २३ रुपयांवर काम. पश्चिम द्रुतगती महामार्गालगत प्लास्टिक आणि ताडपत्रीच्या आडोशासाठी झोपडीदादाला २,५०० रुपये मोजलेले. २३ जुलैला आडोसा पाडला आणि बायकामुलांसह त्याला सेलमच्या बसमध्ये बसवलं. बायको आणि मुली तिथे राहिल्या. तो कामासाठी परत आला आणि पुन्हा फुटपाथवर राहू लागला.

पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल जुलै १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं दिला. युक्तिवाद साधा होता: माणूस फुटपाथवर हौसेनं राहत नाही, काम जवळ असतं म्हणून राहतो. आडोसा गेला की काम जातं, काम गेलं की जगणं जातं. म्हणून उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग.

आता जे बरेच जण सांगत नाहीत ते: त्या लोकांना फुटपाथवर राहायचा हक्क मिळाला नाही. हटवण्याचा महापालिकेचा अधिकार कोर्टानं मान्य केला, एरवी आधी नोटीस द्या म्हटलं, आणि या लोकांना ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, हटवू नका म्हटलं. तत्त्व मोठं मिळालं, मुदत पावणेचार महिन्यांची मिळाली. घटनेच्या खटल्यांत असं बऱ्याचदा होतं.

रस्त्यांचं म्हणाल तर २०१३ मध्ये उच्च न्यायालयाच्याच एका न्यायमूर्तींनी मुख्य न्यायमूर्तींना खड्ड्यांबद्दल पत्र लिहिलं आणि त्याची याचिका झाली. चांगले रस्ते हा अनुच्छेद २१ चा भाग मानला गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास सहा लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश झाला. पत्र ते आदेश, बारा वर्षं. खड्डे तुम्ही रोज बघताच.

७. कोर्टानं कलम रद्द केलं की ते संपलं ना?

कागदावर. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं ‘लाइक’ केलं, आणि दोघींना अटक झाली. त्यानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या, ‘आक्षेपार्ह’ ऑनलाइन मजकूर गुन्हा ठरवणाऱ्या कलम ६६-अ ला आव्हान दिलं गेलं आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पूर्ण रद्द केलं. तरीही पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदवले जातच होते. २०२१ मध्ये हे समोर आलं तेव्हा न्यायमूर्तीही थक्क झाले. छापील कायद्यात कलम तसंच राहतं आणि ते रद्द झाल्याची नोंद तळटीपेत असते. तळटीप वाचायची सवय कुणाला आहे? तुमच्यावर असा गुन्हा दाखल झाला तर घाबरू नका, निकालाची प्रत दाखवा.

सरकार नवा कायदा करून तीच गोष्ट परत आणू शकतं का, हा याचाच पोटप्रश्न. दोष दूर करून आणता येते, नुसतं नाव बदलून नाही. डान्सबारचं पाहा. २००५ ची बंदी हायकोर्टानं २००६ मध्ये रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये तेच कायम केलं. विधिमंडळानं २०१४ मध्ये दुसरा कायदा आणला, त्याला २०१५ मध्ये स्थगिती. २०१६ मध्ये तिसरा, त्यातल्या बऱ्याच अटी जानेवारी २०१९ मध्ये गेल्या. उलट उदाहरणही आहे: मे २०२१ मध्ये मराठा आरक्षणाचा कायदा रद्द करताना कोर्टानं १०२ व्या घटनादुरुस्तीचा अर्थ असा लावला की मागास वर्ग ठरवायचा राज्यांचा अधिकार गेला. संसदेनं त्याच वर्षी १०५ वी दुरुस्ती करून तो राज्यांना परत दिला. हे पूर्ण नियमाला धरून आहे.

८. दोन न्यायमूर्तींचं जुळलं नाही तर?

तिसऱ्याकडे जातं. केंद्र सरकारच्या ‘फॅक्ट चेक युनिट’च्या (सरकारबद्दलचा ऑनलाइन मजकूर खोटा आहे का ते ठरवणाऱ्या विभागाच्या) नियमावर मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये असंच झालं: एकानं नियम रद्द ठरवला, दुसऱ्यानं योग्य. सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींनी रद्दच्या बाजूनं मत दिलं आणि नियम पडला. सर्वोच्च न्यायालयात घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर किमान पाच जणांचं पीठ लागतं.

९. आणीबाणीत कोर्ट कुठे होतं?

हा प्रश्न आमच्याकडे नेहमी सत्तरीच्या पुढची माणसं विचारतात, आणि विचारताना आवाज चढतो.

देशातली नऊ उच्च न्यायालयं, मुंबईसह, म्हणाली होती की स्थानबद्ध माणूस हेबियस कॉर्पस मागू शकतो. म्हणजे ‘मला कशाखाली डांबलंय ते कोर्टात सांगा’. सर्वोच्च न्यायालयानं २८ एप्रिल १९७६ ला एडीएम जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक मतांनी ते उलटवलं. आणीबाणीत तो दरवाजा बंद. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात राहिले. केशवानंद खटल्यात सातवं, निर्णायक मत मानलं जातं तेही त्यांचंच. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला.

नंतर १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही निलंबित होणार नाहीत अशी तरतूद केली. म्हणजे आधी चूक दुरुस्त केली ती संसदेनं. कोर्टानं तो निकाल अधिकृतपणे चुकीचा ठरवला २०१७ मध्ये, खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात. १९७६ च्या बहुमतात यशवंतराव चंद्रचूड होते, २०१७ मध्ये तो निकाल खोडणारं मुख्य मत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं.

१०. आमची हौसिंग सोसायटी भाडेकरू ठेवू देत नाही. मूलभूत हक्काखाली रिट करू का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. बहुधा नाही. मूलभूत हक्क मुख्यतः ‘राज्यसंस्थे’विरुद्ध असतात. महापालिका, बेस्ट, म्हाडा त्यात येतात. सहकारी गृहनिर्माण संस्था सहसा येत नाही. तुमचा रस्ता उपनिबंधक किंवा सहकार न्यायालय. २०२३ मध्ये एका घटनापीठाच्या बहुमतानं काही मूलभूत हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतात असं म्हटलंय, पण त्या भरवशावर सेक्रेटरींना नोटीस धाडू नका.

११. धर्माच्या बाबतीत कोर्टाला बोलता येतं का?

येतं, पण कुठे थांबायचं हे अवघड. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हाजी अली दर्ग्याच्या मुख्य भागात स्त्रियांना घातलेली बंदी उठवली. मात्र याच न्यायालयानं १९५१ मध्ये, न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांच्या पीठानं, व्यक्तिगत कायदे (लग्न, वारसा वगैरेंचे धर्मानुसार असलेले कायदे) अनुच्छेद १३ मधल्या ‘कायदा’ या शब्दात येत नाहीत असं ठरवलं होतं. म्हणजे प्रश्न १ मधली चाचणी त्यांना तशी लागत नाही. त्या निकालावर आजही वाद आहे.

१२. कोर्ट म्हणतं ‘चुकलं’, पण मग काहीच करत नाही. असं कसं?

बहुतेकांच्या मनात महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षावरचा ११ मे २०२३ चा निकाल असतो. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं योग्य नव्हतं, असं घटनापीठ म्हणालं. पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला होता, त्यामुळे सरकार परत आणता येत नाही, असंही म्हणालं. २०१६ मध्ये अरुणाचल प्रदेशात कोर्टानं सरकार परत आणलं होतं. कोर्ट घड्याळ मागे फिरवू शकतं, पण माणसानं स्वतः लिहून दिलेला कागद फाडायला कचरतं. निकाल पटो न पटो, वकिलाला यातून एकच धडा: आधी कोर्टात जा, मग सही करा.

१३. न्यायाधीशांना कोण जाब विचारणार?

कठीण केलंय, आणि मुद्दाम. काढायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं. आजवर असं कुणालाही काढलेलं नाही. नेमणुका कॉलेजियम, म्हणजे ज्येष्ठ न्यायमूर्तींचंच मंडळ, सुचवतं. ती पद्धत बदलणारा न्यायिक नियुक्ती आयोग २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच चार विरुद्ध एक मतांनी रद्द केला. आपल्याच नेमणुकीच्या खटल्यात आपणच न्यायाधीश, हे खटकतं. मलाही खटकतं. सरकारच्या हातात नेमणुका गेल्या तर काय होतं, ते प्रश्न ९ मध्ये आहे. निकालावर टीका बिनधास्त करा. न्यायाधीशाच्या हेतूवर पुराव्याशिवाय बोट ठेवलंत तर अवमानाचं प्रकरण होऊ शकतं.

१४. वकील परवडत नाही. मराठीत पत्र लिहिलं तर चालेल का?

पत्राची याचिका होऊ शकते, पण ते कोर्टाच्या मर्जीवर. त्यापेक्षा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती, कोठडीतले लोक, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. खालच्या कोर्टांत मराठी चालते. हायकोर्टाचं काम अनुच्छेद ३४८ मुळे इंग्रजीत. सर्वोच्च न्यायालयाचे काही निकाल आता मराठीत मिळतात. भाषांतर जड आहे, तरी वाचा.

जनहित याचिका स्वतःच्या भांडणासाठी वापरू नका. कोर्टाला वास येतो आणि दंड बसतो.

१५. नुसतं बघायला हायकोर्टात जाता येतं का?

येतं. सुनावणी खुल्या कोर्टात चालते. ओळखपत्र न्या, ओव्हल मैदानासमोरची १८७८ ची ती दगडी इमारत सोपी सापडते. नवं संकुल बांद्रा पूर्वेला व्हायचं आहे, तोवर ही बघून घ्या. ४६ नंबरचं कोर्ट विचारा. तिथे जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली होती, आणि १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी टिळकांचे त्या वेळचे शब्द कोरलेला फलक त्याच कोर्टाबाहेर लावला. ज्या कोर्टानं शिक्षा दिली त्याच कोर्टानं.

मोबाइल बंद ठेवा. बसायला जागा नसेल तर मागे भिंतीशी उभे राहा. पुढच्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या तरी त्या वकिलांच्या आहेत, आमच्या गटातले एक काका तिथे जाऊन बसले होते आणि शिपायानं त्यांना विचारलं, “साहेब, तुमचा नंबर कितवा?”